फाटक

ऐंशीच्या स्पीडला काही तक्रार नव्हती.
उभी राहिली की मरायची.
मूर्तिजापूरच्या फाटकावर, पेट्रोल पंपावर,
एकदा तर साळ्याच्या वरातीत, बँडच्या ऐन मागे.

दोन वर्षं माझा उजवा पाय
एक्सिलेटरवर जागाच राहिला.
ब्रेक टाचेनं.

उकंडा मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, हात लावला नाही.
बिडी विझवून कानामागे खोचली
आणि ऐकत राहिला.
"जेट साफ हाय. पाइंटबी बरे हायेत.
थे चोरून हवा खाऊन राह्यली कुठूनतरी."

मग ढोराच्या दवाखान्यातली सिरिंज,
तिच्यात पेट्रोल,
कार्बोरेटरच्या बुडाशी एकेक थेंब.
तिसऱ्या थेंबाला इंजिन दचकलं,
चोरी पकडल्यासारखं.

पॅकिंगचा कागद लोखंडावर धरून
बारक्या हातोडीनं टिपत टिपत
त्यानं कडा उमटवल्या, भोकं पाडली.
स्क्रू पुरता आत. दीड आटा बाहेर.
पाव आटा अजून.
थांबला.
एअर फिल्टरच्या झाकणावर स्टीलचा गिलास ठेवला,
काठोकाठ पाण्याचा.
पाण्यावर नुसती गोल थरथर.
"दोनशे. कागदाचे धा येगळे."
पाणी मग तोच प्यायला.

संध्याकाळी फाटक पडलेलं.
पुढे तुरीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर, मागे म्हशी.
मालगाडीचे अठ्ठावन्न डबे मोजले.
गाडी उभी, चालू,
आपल्यापुरतं गुणगुणत.

पाय मात्र
पेडलच्या बोटभर वर,
पोटरीत गोळा येईस्तोवर.