राक्षसाच्या जागी

शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रेघांवर
घडीच्या खुर्च्या मांडून
गावानं पुन्हा लावलाय तो सिनेमा.
काळा-पांढरा, कुणी नखांनी ओरबाडल्यासारखा.

मिठाच्या तळ्यातून तो वर येतो,
सहा पायांचा, पाठीवर शिंपल्यांची रास,
आणि माझा नातू टेट फिसकन हसतो :
"आजोबा, हा तर रबराचा!"

रबराचाच.
पण आम्ही कुणी तो पाहिलाच नव्हता.
तो पुढे कॅलिफोर्नियात, एका टेबलावर हलला,
आणि आमच्या डोक्यावर नंतर चिकटवला गेला.
युटातल्या त्या दुपारी त्याच्या जागी
तंबूच्या तीन काठ्या, एकीला एक बांधलेल्या,
टोकाला लाल रुमाल
(रंग चित्रात येणार नव्हता, तरी लालच हवा म्हणाले)
आणि खाली मी.
वय अकरा. मजुरी दीड डॉलर, वर एक सँडविच.

कर्ण्यातून हुकूम आला : रुमालाकडे बघा, आणि पळा.

अख्खं गाव मला बघून पळालं.
वाळवंटात भुईला काय तोटा,
तरी पळता भुई थोडी झाली.
न्हावी ऑर्विल गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर टाकून,
खोटा साबण, खरी धांदल;
बिशप हॅट सावरत;
माझी बहीण लावेरा अशी किंचाळली
की तिला अर्धा डॉलर जास्त मिळाला.

त्याच वर्षी पश्चिमेला
उजाडायच्या आधी एकदा उजाडायचं,
आणि दुपारी वाळत घातलेल्या चादरींवर
पिठासारखं काही उतरायचं. आई झटकायची.
त्याला कुणी काठी लावली नव्हती.
लावेरा एकोणतिसाव्या वर्षी गेली. ऑर्विल तिच्याही आधी.

आता सगळे पुन्हा पळतायत.
टेट वर बघतोय, राक्षसाकडे.
मी खाली, चेहऱ्यांच्या गर्दीत :
डोळे पांढरे झालेले,
आणि सगळे माझ्यावर रोखलेले.

फक्त डाव्या कोपऱ्यात, कापायचं राहून गेलेलं,
एक बाई पळता पळता थबकते,
एप्रनला हात पुसते
आणि हसते. काहीतरी बोलतेही,
पण वरून आवाज दुसऱ्यांच्याच किंकाळ्यांचा.

"ती का हसतेय?" टेट विचारतो.
"तिला राक्षस दिसत नाही?"

"दिसतोय की," मी म्हणतो.
"जरा वाकडा उभा आहे."