शेवटच्या पानांवरच्या नोटा

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली,
ताव उलटत, ताव उलटत.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी रेघ गेलेली
सापडली की लाल पेन्सिल.
शेजारी दोंदे बसायचा. म्हणायचा,
आपण देशातले सगळ्यात श्रीमंत भिकारी.
संध्याकाळी भोंगा, मग गेटवर झडती,
डबा उघडून दाखवायचा, चपला झटकायच्या,
आणि जेल रोडवर येऊन
मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस.

मला कधी मोह झाला नाही. खरंच नाही.
आत असेपर्यंत तो कागदच असतो.
बाहेरच्यांना हे पटत नाही.

आता शलाका म्हणते,
मी शेअर बाजारात काम करणार.
एम.कॉम. झाली, बीवायकेतून.
बँकेच्या परीक्षेचा फॉर्म तिच्या आईने
फ्रिजवर लावून ठेवलाय, गणपतीच्या चुंबकाखाली.
मुदत संपली तरी तिथंच आहे.
कॅनडा कॉर्नरला तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, लिफ्ट बंद,
पहिले सहा महिने अठरा हजार,
काम काय, तर कंपन्या वाचायच्या.
वाचायच्या?
हो बाबा, वाचायच्या.

मी दोंदेचं उदाहरण दिलं.
फंडाचे पैसे आले तसे त्याने
कुणाच्या तरी टिपवर ऑप्शनमध्ये घातले.
आठ दिवस बिटको चौकात
दिसेल त्याला चहा पाजला,
नवव्या दिवसापासून रस्ता बदलून जातो.
ती म्हणाली, दोंदेकाकांनी काही वाचलं होतं का?
म्हटलं, मेसेज वाचला होता.
ती हसली. मग मीही.
सुलभा हसली नाही. तिने पोळी तव्यावर
जरा जास्तच वेळ ठेवली.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो.
निफाडकडची थंडी खिडकीच्या फटीतून येत होती
आणि ही जेवणाच्या टेबलावर, शाल गुंडाळून,
समोर एक जाडजूड वार्षिक अहवाल,
कुठल्याशा पंप बनवणाऱ्या कंपनीचा.
पुढची पानं गुळगुळीत,
साहेब लोक झाडं लावतायत, सगळे हसरे.
तिकडे ती बघतही नव्हती.
शेवटची पानं काढून बसली होती,
मुंगीएवढी अक्षरं.
हे काय?
नोटा, म्हणाली.
मी नुसता बघत राहिलो.
हिशेबाला जोडलेल्या नोटा, बाबा.
जे सांगायचं नसतं ते इथं सांगतात,
सांगावं लागतं म्हणून. बारीक करून.

चष्मा आणला. बसलो.
मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.
भाव किती आहे हिचा, विचारलं.
तो शेवटी बघायचा, म्हणाली.
तोवर माझं बोट आपोआप
ओळीखालून सरकायला लागलं होतं,
डावीकडून उजवीकडे, मग खाली,
प्रेसमधल्या वेगानं.
एका ठिकाणी थांबलं.
गेल्या वर्षीच्या रकान्यात एक आकडा,
तोच चार पानं मागे वेगळा होता.
म्हटलं, छपाईची चूक असेल.
ती काही बोलली नाही.
दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली,
बराच वेळ.
मग कंपासमधून पेन्सिल काढली. काळी.
लाल नाही का तुमच्याकडे, बाबा?

नाही.
एकतीस वर्षांत पेन्सिलीचा तुकडासुद्धा
त्या गेटमधून बाहेर आला नाही.
उद्या आणतो म्हटलं, डझनाची पेटी मिळते.

तिच्या आईला अजून काही बोललो नाही.
झोपायला जाताना फ्रिजपाशी थांबलो.
फॉर्म काढला नाही.
गणपती तिरका झाला होता,
तेवढा सरळ केला.