धागा तिथंच

मी शेवटचं पान आधी वाचते.
लाज नाही वाटत.
कोण मेलं ते एकदा कळलं
की निवांत बघता येतं
तो चहा कसा प्यायचा,
कोणावर उगाच चिडायचा.

आत्मचरित्रं नोकरी लागेपर्यंतच.
पहिला सत्कार आला की मिटते.
प्रवासवर्णन, ज्यात माणसाची बॅग हरवते तेवढंच.
कविता उभ्यानं, ओट्यापाशी,
दूध वर येईस्तोवर जेवढी होईल तेवढी;
म्हणून माझ्याकडच्या सगळ्या कवितांना
करपल्या सायीचा वास.

डोंगरावरून उतरणारं धुकं
मे महिन्यात धरमपेठेत बसून कुणी वाचावं?
दुपारी तीन, पंचेचाळीस अंश,
कूलर स्वतःच पानं उलटतो,
आणि वाळ्याच्या ओलीनं मांडीवरची कादंबरी
भिजवलेल्या पोह्यांसारखी फुगत जाते.

उसनं पुस्तक देत नाही.
नणंदेला एकदा दिलं होतं.
आता आम्ही फक्त लोणच्यांबद्दल बोलतो.

बर्डीवर रंगारीभाऊंच्या फुटपाथवर
मी हात लावला की दहा रुपये वाढतात.
म्हणून मी आधी भलत्याच पुस्तकाला हात लावते.
त्यांना ते ठाऊक आहे.
ते त्याचेही दहा वाढवतात.

तिथंच मिळालं जांभळ्या शिक्क्याचं पहिलं:
दे. सी. हेडाऊ, टिमकी.
त्र्याऐंशीव्या पानावर खूण म्हणून
लुगड्याच्या किनारीचा लाल धागा,
आणि पुढची पानं जोडलेलीच,
छापखान्यात कापायची राहिलेली.
शेवटचं पानही घडीत.
भाजीच्या सुरीनं एकेक घडी सोडवत
मी जन्मात पहिल्यांदा क्रमानं गेले.
आतला कागद अजून पांढरा होता.

मग दुसरं, मग तिसरं. सात झाली.
एकात धागा एकशे बारावर,
एकात नवव्याच पानावर.
एकही धागा मी काढला नाही.
गेलेल्या माणसाचं राहिलेलं वाचन
आपण पुरं करतोय, असं
मला उगाच थोर वाटायला लागलं होतं.

'गेले कुठं?' रंगारीभाऊ म्हणाले.
'काचबिंदूनं डोळे गेले फक्त.
बसले असतात टिमकीत, दारात.'

रविवारी गेले. पाव किलो संत्रा बर्फी,
पिशवीत त्र्याऐंशीवालं पुस्तक.
मागाचा खड्डा बुजवून
त्यावर पाण्याची टाकी ठेवलेली.
त्यांनी पुठ्ठा चाचपला नाही, नाव विचारलं नाही,
दोन बोटांनी धागा शोधला,
पीळ बघितला.
'हा माह्यावाला.'

मी म्हटलं, पुढं काय झालं ते सांगू?
वाचून दाखवू?

'काहून सांगून राहिल्या बाई?
माग लागला का पुस्तक सुटे.
मंग रातच्याला ठोका मारता मारता
पुढचं मीच जमवून टाको.
सगळी संपली माह्यी.
तुमचा शेवट तुमच्यापाशी राहू द्या.'
आणि बर्फीचे दोन तुकडे खाल्ले,
तिसरा नातवासाठी खिशात.

मला राग आला. खोटं कशाला बोलू.
सात पुस्तकं, एवढी कापाकापी,
आणि माणूस कधीचाच पोचलेला,
भलत्याच गावाला.
ऑटोत बसल्यावर आठवलं,
मी विचारलंच नाही
त्याच्यात कोण मेलं.

आठवं रंगारीभाऊंनी राखून ठेवलं होतं.
पहिल्यांदाच घासाघीस केली नाही;
तेच घाबरले, वीस रुपये परत दिले.
धागा एकशे सहावर.
तिथवर वाचलं.
त्याला आता पंधरा दिवस झाले.

रात्री पोळ्या लाटताना
लाटण्याच्या आवाजात
त्यातली ती धाकटी बहीण
कधी स्टेशनवर उतरते,
कधी नाहीच उतरत.

सुरी ओट्यावर आहे.
तीनदा धुतली.
तीनदा पुसून ठेवली.