किती रिंगनंतर ओ द्यायची

पोर्व्हेनीरच्या कारखान्याला लाइन एकच.
खेकड्यांचा सगळा व्यवहार
सामुद्रधुनीपलीकडच्या जगाशी
एका तारेवर.
विगोचे गिऱ्हाईक तिच्यावरूनच फॅक्स करणार,
पुंता अरेनासहून येर्को तिच्यावरूनच
रात्री लॉगिन होऊन साठ्याचे आकडे बघणार,
आणि एखादा माणूस बोलू म्हणाला
तर त्यालाही तीच.

मोडेम फेरीबोटीवरून आला,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, अंड्यांच्या खोक्यात.
सोबत येर्कोची चिठ्ठी: इनिटॅबमध्ये एवढी एक ओळ घाल,
ठिपके चुकवू नकोस.

त्या ओळीत एक शब्द होता, रीस्पॉन.
म्हणजे मेला तर पुन्हा उभा करायचा,
कितीही वेळा मेला तरी.
आमच्यात असे कुणालाच लिहून मिळालेले नाही.

एक नंबरच्या प्रोसेसला ढोसले.
दिवा मिणमिणला, विझला.
पोर्टला कुलूप होते आणि कुलूप घालणारा
कधीच मेलेला. मागे फक्त फाइल,
तिच्यात त्याचा नंबर. पुसली.
मग परवानगी नव्हती. मग पॅरिटी चुकली. मग वेग:
अडतीस हजार चारशेवरून निम्म्यावर आणला,
कारण वारा सुटला की आमची तार
त्याहून भराभर बोलत नाही.

पहाटे पाचला विगोचा पहिला कागद उतरला,
रेघेखाली रेघ, आणि मध्येच एक काळा पट्टा.
तिकडे कुणाची तरी बाही काचेवर राहिली होती.
चार टन, सोललेले, नाताळाच्या आत.

कोण आहे ते यंत्राला कळते कसे,
मी येर्कोला विचारले होते.
सोपे आहे, म्हणाला.
फॅक्स थांबून थांबून शीळ घालतो.
मोडेम मुकाट्याने आपल्या किंचाळीची वाट बघतो.
आणि माणूस?
माणूस विचारतो, कोण बोलतंय.
ते त्याला ऐकू येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात लॉग उघडला.
रोज रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी: रिंग. उचलला.
फॅक्स नाही. डेटा नाही. नो कॅरियर.
रविवारी दोनदा.

त्या रात्री मी थांबले आणि यंत्राच्या आधी हात घातला.
चिलोए बेटावरून एर्सिरा, आमच्या रखवालदाराची बायको.
"अगं, तिकडे आग लागलीय का?
रोज काहीतरी ओरडतंय."

बाउदिलिओ बॉयलरपाशी बसलेला.
एक रिंग वाजायची, यंत्र घ्यायचे.
त्याला वाटायचे यंत्राचाच फोन,
आणि बायको रुसलीय.
एकवीस दिवस. विचारले नाही कुणालाच.

फाइलमध्ये एकाचे सहा केले.
विगो थांबेल तेवढे, त्यांना आमचेच खेकडे हवेत.
बॉयलरपासून टेबलापर्यंत, दुखऱ्या गुडघ्याने,
पाच रिंगा लागतात. मी मोजल्यात.

तरी बर्फ असले की तो बाहेर अडकतो,
सहावी वाजते, यंत्र किंचाळते.
एर्सिरा आता ठेवत नाही.
मफलर घाल म्हणावं त्याला, असे त्या किंचाळीलाच सांगते,
आणि सूप ऊन करून पी म्हणावं.

लॉगमध्ये तेवढेच दिसते:
नो कॅरियर, चाळीस सेकंद.