पालथी बाजू

सव्वीस वर्षं मी तेराईत ताटल्या बांधते.
सुलट्या बाजूकडे माझं फारसं लक्ष नसतं,
ती गिऱ्हाइकाची.
मी आधी पालथी करते, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवते,
खरखर लागली तर बाजूला,
नाहीतर जुन्या वर्तमानपत्राचे दोन वेढे, मग खोका.

तोकुझो-सानांच्या ताटल्या डोळे मिटूनही कळायच्या.
लाल रेघा, केसाहून बारीक,
करंगळीच्या नखाएवढ्या जागेत अकरा.
ते म्हणायचे, पाच रंगांत लाल तेवढा सरळ माणूस.
बाकीचे भट्टीत जाईपर्यंत तोंडाला राख फासून बसतात:
हिरवा पिठूळ, जांभळा गंजका,
पिवळा असून नसल्यासारखा.
लाल आधीही लाल, नंतरही लाल.

मुलीला तो सरळ माणूसच नको झाला.
चिगुसा नागोयाहून परतली आणि तिने लाल सोडला.
चारच रंग, काठोकाठ,
पांढऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही.
तीनशे वर्षांपूर्वीही असं रंगवणारे होते म्हणे,
पण ते पाइनची झाडं काढायचे, डोंगर, पुलावरचा म्हातारा.
ही काढते
बर्फात एकटंच पेटलेलं थंड पेयांचं यंत्र,
बस बंद झालेला बसथांबा,
बाकावर कुणाचा तरी एकच हातमोजा,
आणि छपरावरचा बर्फ फावड्याने लोटणारी बाई.
(ती मी आहे. विचारलं नव्हतं तिने.)

कानाझावाचा व्यापारी ताटली हातात धरून म्हणाला,
करकोचा कुठाय?
डोळ्यांच्या दवाखान्यात, चिगुसा म्हणाली,
नंबर यायचाय अजून.
तो हसला नाही.
मी खोक्यात तोंड घालून हसले.

ती रंगवत असताना कधी दारातून डोकावते.
तिच्यासमोर नुसता बेरंग,
करडा, मळकट, गटारातल्या गाळासारखा,
आणि ती त्यात हिरवं बघत असते,
भिजत घातलेल्या तांदळाकडे बघून
एखादीला भाताचा वास यावा, तशी.

दोन हिवाळ्यांपासून तोकुझो-सानांचा हात थरथरतो.
चहाचा पेला दोन्ही हातांनी.
कुंचले त्यांनी धुतले, वाळवले,
बांबूच्या चटईत गुंडाळून फडताळात वर ठेवले,
जिथे आता त्यांचाच हात पोचत नाही.
मुलीच्या कामाबद्दल आजवर एकच वाक्य:
त्या यंत्राचं विजेचं बिल कोण भरतं?

बुडाशी सगळेच एक चौकोन काढतात,
चौकोनात जुनं अक्षर, भाग्य.
चिगुसा बूड कोरं ठेवते.
कुणाचं भाग्य, ते ताटलीला काय ठाऊक, म्हणते.

आज सात ताटल्या आल्या.
सहा पालथ्या केल्या, सहा कोऱ्या.
सातवीला चौकोन होता.
वाकडा. एक कोपरा मिटलेलाच नाही.
आत भाग्य, प्रत्येक फटकाऱ्यात तीन-चार वळणं,
वाऱ्यात उभ्या माणसाने सही करावी तसं.
आणि लाल.

आधी वाटलं, तिला माहीत नसेल.
मग आठवलं, भट्टी तिनेच लावली होती.
लावताना प्रत्येक ताटलीचं बूड पुसावंच लागतं,
पुसलं नाही तर फळीला चिकटतं.
म्हणजे तिने ही उलटी धरली असणार,
कच्च्या रंगाला धक्का न लावता
भोवतीने पुसली असणार.

दुपारी दोघं समोरासमोर बसून उदोन खात होती.
बोलणं चाललं होतं पन्हाळीबद्दल,
गळते, मार्चनंतर बघू, माणूस मिळत नाही.
मी गरम पाणी घ्यायला आत गेले.
फडताळाखाली स्टूल होतं. हलवलं नाही.

पावतीवर रंगांचा रकाना असतो.
सहांना चार लिहिलं.
सातवीला पाच.
कागदाचे वेढेही दोन जास्त दिले, कशाला, कोण जाणे.

व्यापारी फोन करील, पाचवा कुठाय म्हणून.
शोधू दे त्याला
सुलट्या बाजूला.