पुढे चालू

सहा फ्लॉप्या होत्या. जेल रोडच्या मुर्तझाभाईंनी
दर फ्लॉपीचे पंधरा रुपये घेऊन भरून दिलेल्या,
वर बॉलपेननं आकडे. नाव नाहीच.
आम्हीच ठेवलं: दिवेवाला.

एक बुटका माणूस, खांद्यावर शिडी,
बेटावरचे विझलेले दिवे लावत हिंडायचा.
चेहरा म्हणजे मोजून नऊ ठिपके,
तरी तो घाबरला की आम्हाला कळायचं.

पडद्याच्या तळाशी पाच क्रियापदं:
लुक, टेक, पुश, ओपन, टॉक.
टिल्लू काही दिवस आईशीसुद्धा तसाच बोलायचा.
ओपन डबा. टेक पोळी.
मार खाल्ला, तेव्हा मराठीत आला.

तिसऱ्या फ्लॉपीत दाराला गोगलगाय चिकटलेली,
म्हशीएवढी.
ढकलली, हलत नाही. बोललो, ऐकत नाही.
अख्खा मार्गशीर्ष ती तिथेच.
मग एका रात्री सराफ्यात
गराडूवर जीरावन भुरभुरताना पाहून
टिल्लू ओरडला, "मीठ!"
गराडूवाल्यानं मिठाचा डबा पुढे केला.
आम्ही द्रोण तसेच ठेवून सायकली हाणल्या
थेट लोकमान्यनगरापर्यंत.

सहावी फ्लॉपी मात्र वाचलीच गेली नाही.
शेवटचा दिवा, शिडीची वरची पायरी,
ड्राइव्हची घरघर, आणि काळ्यावर पांढरं:
अबॉर्ट, रीट्राय, फेल?
आम्ही रीट्राय दाबत राहिलो, बोट दुखेपर्यंत.
मुर्तझाभाई म्हणाले, मूळ कॉपीच तशी आहे, बेटा,
शेवट माझ्याकडेपण नाही.

मग दुसरा भाग आम्हीच लिहिला,
दोनशे पानी वहीत, ऑफ तासाला, एकेक पान वाटून.
दिवेवाला होडी घेऊन खान नदीतून वर येतो,
कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांशी दोर बांधतो.
किल्ली मिलच्या भोंग्यात.
तेल राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर,
आणि तिथला पहारेकरी फक्त पोह्यांवर फुटतो.

परवा तो खेळ परत आला. नवा.
समुद्राला फेस, आकाशाला ब्रशचे फराटे,
दिवेवाल्याला सुरकुत्या, घोगरा आवाज.
क्रियापदं काढून टाकलीत;
कशालाही बोट लावा, काय करायचं ते त्यालाच कळतं.
कोपऱ्यात एक बटण आहे. दाबलं
की क्षणभर ते जुने नऊ ठिपके.
मी दिवे कमी लावले, बटण जास्त दाबलं.

रात्री दोनला शिडीची वरची पायरी.
दिवा लागला.
आणि पाण्यापलीकडे, दुसऱ्या कुठल्याशा बेटावर,
कुणीतरी आणखी एक लावला.
खाली अक्षरं: पुढे चालू.

एकतीस वर्षं थांबून हे!

टिल्लू पिथमपूरला, गिअरबॉक्सच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
फोनवर हसला. म्हणाला, "भिया,
हा खपला तर पुढचा काढतील. आमच्याकडेपण असंच.
जुन्या मॉडेलला रंग मारून आधी गिऱ्हाईक बघतात."
मी म्हटलं, पण रंग मारणाऱ्याला
पाण्यापलीकडे कोण होतं ते सुचेल का?
मागे यंत्रं चालू होती. जरा वेळानं म्हणाला,
"आठवायचे पैसे मिळतात गं.
सुचायचे कोण देतं?"

सकाळी लेकीनं विचारलं, दुसरा भाग कधी येणार?
येऊन गेला, म्हटलं. चौऱ्याण्णव साली.
रद्दीत गेला.
तिला वाटलं, मी चेष्टा करते.

आता रविवारी दुपारी टिल्लू येतो,
चष्मा कपाळावर, हातात नवी वही.
पहारेकऱ्याचं नाव दोघांनाही आठवत नाही.
होडीत एक मांजर होतं असं तो म्हणतो; नव्हतं.
गेला आठवडा नदीवरून भांडण चाललंय.
तो म्हणतो, या वेळी पाणी निळं दाखवू,
तळ दिसेल असं.
मी म्हणते, मग दिवेवाल्याला कसं कळणार
इंदूर आलं म्हणून?