श्वासाची जागा

हाइडरूनचा आवाज कापडगिरणीत घडला.
केम्निट्झला तेव्हा केम्निट्झ म्हणत नसत,
शहराचं नावही सरकारी होतं.
चार मागांपलीकडच्या मैत्रिणीला हाक मारायची
तर गळा पुरत नसे, बरगड्या लागत.
ते ती आधी शिकली. गाणं नंतर आलं.

गाण्याला परवाना लागायचा.
मंडळासमोर उभी राहिली आईचे बूट घालून,
एक नंबर मोठे, पुढे बोळे कोंबलेले.
"बाई, इतकं ओरडायचं कारण काय?"
"मागची रांग," ती म्हणाली.
खालची श्रेणी मिळाली. तासाला चार मार्क.

मग बारा वर्षं एक खटारा व्हॅन,
मागे आम्ही, ॲम्प्लिफायरवर बसलेले,
गावोगावची सभागृहं,
बिअरचा आणि ओल्या लोकरीचा वास.
रेकॉर्ड निघाली एकच, लहान,
पाठीमागे कुणा भलत्याच पुरुषाचं गाणं.
त्र्याऐंशीत एका ओळीवरून परवाना गेला.
ओळ कोणती, ते कळवलं नाही.
ती पुन्हा मागावर.

भिंत पडली. वाटलं, आता!
पण लोकांना पलीकडची गाणी हवी होती,
पलीकडची केळीसुद्धा.
गिरणीही त्याच वर्षी मिटली.

ब्याण्णवला तिने स्वतःची फाइल मागवली.
तीनशे पानं. कुठे जाते, कुणाकडे झोपते.
आणि एका पानावर, टोपणनाव 'लोहार':
"दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते. किंचित लांब.
तेवढा वेळ सभागृहात कुणीच श्वास घेत नाही.
मीसुद्धा."

कुठल्याच वर्तमानपत्राने
तिच्याबद्दल इतकं चांगलं कधी लिहिलं नव्हतं.
मला वाचून दाखवताना ती हसली,
मग हसू तसंच राहिलं, तोंडावर, विसरल्यासारखं.
तो श्वास ठोक्यांनी मोजणारा
आमच्यात एकच जण होता.

सत्तावीस वर्षं तिने त्याला फोन केला नाही.

काल बागवाल्यांच्या वसाहतीत, भोपळ्यांच्या जत्रेत, ती गायली.
अडुसष्टची. गुडघ्याला पट्टा.
ड्रमवर एकहार्ट.
तिनेच बोलावलेला. मी काही विचारलं नाही,
बेस लावत बसलो.

पहिल्या कडव्यात आवाज दोनदा फाटला,
ती शिवायच्या भानगडीत पडली नाही.
मग थांबली.
नेहमीपेक्षा लांब. फारच लांब.
पोरांच्या हातातलं आइस्क्रीम गळायला लागलं.
एकहार्टच्या काठ्या वर, मनगटं थरथरताहेत,
आणि तिने मान वळवून
त्याला तिथेच, हवेत,
धरून ठेवलं.